नोंद हीच जमीन

देवगडच्या एका आंबा बागायतदाराने वेबसाइट काढली आहे, अशी कल्पना करा. शिकागोत राहणाऱ्या कुणाला तरी पुण्यातल्या आईवडिलांकडे हापूसच्या दोन पेट्या पाठवायच्या आहेत. तो फोनवर त्या साइटचं नाव टाइप करतो आणि पान उघडतं. मधे पापणी लवण्याइतका वेळही गेलेला नसतो. पण तेवढ्यात पडद्यामागे जे घडून जातं, ते मला दर वेळी चकित करतं.

फोनला नाव कळत नाही, त्याला आकडा लागतो. म्हणून तो आपल्या इंटरनेट कंपनीच्या यंत्राला विचारतो: या नावाचा आकडा काय? त्या यंत्रालाही ठाऊक नसेल तर ते थेट मुळाशी जातं, म्हणजे रूट सर्व्हरकडे. ए ते एम अशी १३ अक्षरं हीच या रूट सर्व्हरांची नावं. ती सांभाळणाऱ्या संस्था १२, आणि त्या नावांमागे जगभर पसरलेली यंत्रं दीड हजारांहून जास्त. त्यातली काही मुंबईतही आहेत. रूट सर्व्हर सांगतो, हे नाव मला माहीत नाही, पण डॉट कॉमवाले कुठे बसतात ते सांगतो. डॉट कॉमची यंत्रं सांगतात, आकडा आमच्याकडे नाही, पण या नावाचा सगळा कारभार अमुक नेमसर्व्हरकडे आहे. तो नेमसर्व्हर अखेर आकडा देतो आणि शिकागोच्या फोनवर देवगडचे आंबे दिसू लागतात.

आता हा प्रवास पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला. बागायतदाराने ज्या कंपनीला पैसे भरून ते नाव घेतलं, ती यात कुठे दिसली? कुठेच नाही. रोज हजारो लोक त्याची साइट उघडतात, पण त्या कंपनीचं दार एकदाही वाजत नाही. तिचं काम एकदाच, पहिल्या दिवशी झालं. अमेरिकेत व्हेरिसाइन नावाच्या कंपनीकडे डॉट कॉमच्या सगळ्या नावांची एक मोठी वही आहे. त्यात आज १५ कोटींहून जास्त नावं आहेत. बागायतदाराच्या कंपनीने त्या वहीत एक ओळ लिहिली: हे नाव, ही मुदत, हे नेमसर्व्हर. बस्स. या कंपनीला म्हणायचं रजिस्ट्रार आणि वही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनला रजिस्ट्री.

सगळा खेळ त्या एका ओळीचा आहे. रोजच्या प्रवासात रजिस्ट्रार कुठेच नसतो, पण ती ओळ बदलण्याचा अधिकार फक्त त्याच्याकडे असतो. नेमसर्व्हर बदलला की शिकागोच्या माणसाला तेच नाव टाइप करून दुसऱ्याच कुणाचं दुकान दिसेल. त्या नावावर येणारे ईमेलही दुसऱ्याकडे जातील. बागायतदाराच्या साइटला कुणी हातही लावलेला नसेल. ती जिथल्या तिथे सुखरूप असेल, फक्त तिच्याकडे कुणी येणार नाही.

हे कळलं की नाव कुठून घ्यावं हा प्रश्न बारीकसारीक राहत नाही. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. त्यावर चुकीचा फेरफार झाला तरी जमीन जागेवरच राहते, बांध दिसतो, शेजारी साक्ष देतात. डोमेनच्या, म्हणजे अशा नावाच्या, बाबतीत तसं काही नाही. नोंदीच्या पलीकडे दाखवायला जमीनच नाही. नोंद हीच जमीन, आणि तीही मालकीची नाही, भाडेपट्ट्याची. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचा पट्टा मिळतो. आयुष्यभरासाठी नाव विकत देतो असं कुणी म्हणाला, तर तो दर वर्षी तुमच्या वतीने भाडं भरत राहण्याचं वचन विकतो आहे. ते वचन त्याच्या दुकानाइतकंच टिकतं.

हा सगळा डोलारा किती छोट्या पायावर उभा राहिला, ते बघण्यासारखं आहे. १९८३ पूर्वी जाळ्याला जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलमध्ये असायची. ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कचेरीत ठेवलेली होती आणि एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालची माणसं ती सांभाळत. नाव हवं असेल तर कामाच्या वेळेत तिथे फोन करायचा. जाळं वाढलं तशी फाइल आवरेना. मग जॉन पोस्टेल यांच्या सांगण्यावरून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये आजची रचना आखली, ज्यात सगळं कुणालाच माहीत नसतं, पण पुढे कुणाला विचारायचं ते प्रत्येकाला माहीत असतं. १५ मार्च १९८५ रोजी पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीचं. १९९५पर्यंत नाव फुकट मिळे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने वर्षाला ५० डॉलर आकारायला सुरुवात केली. तीच रजिस्ट्री, तीच एकमेव विक्रेती. निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

ही मक्तेदारी किती ढिली होती, ते ऑक्टोबर १९९५मधल्या एका पत्राने दाखवून दिलं. गॅरी क्रेमेन यांनी १९९४मध्येच सेक्स डॉट कॉम हे नाव आपल्या 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या उद्योगाच्या नावे घेऊन ठेवलं होतं. स्टीफन कोहेन नावाच्या भामट्याने नेटवर्क सोल्युशन्सला एक बनावट पत्र पाठवलं: आमच्या कंपनीला हे नाव नको आहे, ते कोहेन यांना द्यावं. पत्र का पाठवावं लागलं, याचं कारणही त्यात होतं. म्हणे आमच्या कंपनीकडे इंटरनेट जोडणी नाही! नावातच ऑनलाइन असलेल्या कंपनीकडे जोडणी नाही, हे वाचून कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. क्रेमेन यांना एक फोन करायचंही कुणाच्या मनात आलं नाही. नाव गेलं. ते परत मिळवायला पाच वर्षं लागली. न्यायालयाने कोहेनवर साडेसहा कोटी डॉलरची भरपाई बसवली, पण तो मेक्सिकोत पळून गेला होता. मग क्रेमेन यांनी नोंदणी कंपनीलाच जबाबदार धरा असं म्हटलं, आणि २००३मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ते मान्य केलं: डोमेन नाव ही मालमत्ता आहे, आणि ती भलत्याच्या हाती सोपवणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागेल. वहीतल्या एका ओळीला मालमत्तेचा दर्जा मिळाला तो असा, एका ढिसाळ कारकुनीमुळे.

दरम्यान १९९८मध्ये या नावांचे नियम ठरवणारी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. १९९९मध्ये रजिस्ट्री आणि विक्रेते वेगळे केले गेले. वही एकाकडेच राहिली, पण तिच्यात लिहिण्याचा परवाना सुरुवातीला चाचणीपुरता पाच जणांना मिळाला. त्यात मेलबर्न आयटी ही ऑस्ट्रेलियाची कंपनी होती. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे दोनदा येणार आहे. आज असे परवानाधारक रजिस्ट्रार दोन हजारांहून जास्त आहेत.

दोन हजारांतून एक निवडायचा म्हटलं की छाती दडपते. पण हा आकडा फसवा आहे, आणि त्यामागची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. एखाद्याने नावाचं भाडं भरलं नाही आणि सगळ्या सवलती संपल्या, की ते नाव ठरल्या दिवशी वहीतून खोडलं जातं. त्या क्षणी जो पहिला मागेल, त्याला ते मिळतं. चांगल्या नावांवर शेकडो यंत्रं टपून बसलेली असतात. रजिस्ट्री प्रत्येक परवानाधारकाला सारख्याच जोडण्या देते, त्यामुळे ज्याच्याकडे परवाने जास्त, त्याचे नेम जास्त. मग काहींनी परवानेच घाऊक घेतले. ड्रॉपकॅच या एकट्या गटाकडे एके काळी हजाराहून जास्त परवाने होते. म्हणजे यादीतल्या शेकडो 'कंपन्या' या दुकानं नाहीतच. त्या सेकंदाच्या एका तुकड्यात झडप घालण्यासाठी कागदावर उभ्या केलेल्या आहेत.

म्हणजे आयकॅनचा परवाना हा भरवशाचा पुरावा नव्हे. तो असायलाच हवा, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही.

थांबलं तर काय होतं, हे २००७मध्ये रजिस्टरफ्लाय या अमेरिकी कंपनीच्या गिऱ्हाइकांना कळलं. कंपनी परवानाधारक होती, स्वस्त होती, लाखो नावं तिच्याकडे होती. भागीदारांत भांडण लागलं. गिऱ्हाइकांनी भरलेलं भाडं रजिस्ट्रीपर्यंत पोचेना, लोकांनी पैसे भरूनही नावांची मुदत संपू लागली. दुसरीकडे जावं म्हटलं तर बाहेर पडायचे कोड मिळेनात. फोन कुणी उचलेना. आयकॅनने परवाना रद्द केला, पण तेव्हा कुठे ध्यानात आलं की कुठलं नाव कोणाचं, ही माहिती त्या कंपनीच्याच यंत्रांत आहे आणि ती मिळवायला कोर्टात जावं लागणार आहे. गिऱ्हाइकांच्या माहितीची एक प्रत तटस्थ तिसऱ्याकडे ठेवावी, अशी अट करारात आधीपासून होती. ती कुणी अमलात आणलीच नव्हती! अखेर ती नावं गोडॅडीकडे सोपवली गेली. त्यानंतरच ती अट खरोखर पाळली जाऊ लागली. तुमचा रजिस्ट्रार उद्या बुडाला तरी नाव कोणाचं हे कुठेतरी लिहिलेलं असतं, त्याचं श्रेय या पडझडीला आहे.

माझ्या मते रजिस्ट्रारची परीक्षा तीन दिवशी होते, आणि नाव विकत घेतो तो दिवस त्यात नाही. घेताना सगळेच हसतमुख असतात. परीक्षा होते ती आपण भाडं भरायला विसरतो तेव्हा, कुणी नाव चोरायला येतो तेव्हा, आणि आपल्याला दुसऱ्याकडे जायचं असतं तेव्हा.

विसरण्याचंच आधी घेऊ, कारण ते मोठमोठ्यांना चुकलेलं नाही. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल या ईमेल सेवेत लोकांना शिरता येईना. कारण मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉम या नावाचं भाडं भरलं नव्हतं, आणि लॉगिनची सगळी वाट त्या नावावरून जात होती. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने ते शोधून काढलं आणि स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले. हॉटमेल सुरू झालं. असा भला माणूस प्रत्येकाच्या नशिबी नसतो.

डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनचे नियम ठरलेले आहेत. मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक, अशा दोन सूचना रजिस्ट्रारने पाठवायच्याच. मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्यातला सगळ्यात चतुर नियम मला हा वाटतो: नाव कायमचं खोडण्याआधी निदान ८ दिवस सलग साइट बंद पाडलीच पाहिजे. ईमेल कुणी वाचत नाही, पण साइट बंद पडली की गिऱ्हाइकांचे फोन येतात आणि मालक जागा होतो. खोडल्यावरही ३० दिवसांची एक शेवटची खिडकी असते, फक्त तेव्हा नाव सोडवायला मूळ भाड्याच्या कैक पट मोजावे लागतात. त्यानंतर ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ती झडप.

पण बरीच नावं इथवर पोचतच नाहीत. कित्येक रजिस्ट्रारच्या करारात एक कलम असतं: मुदत संपलेलं नाव आम्ही लिलावात काढू शकतो. तुम्ही भाडं भरलं नाहीत, तर काही आठवड्यांनी तुमच्या डोळ्यांदेखत तुमचाच रजिस्ट्रार ते दुसऱ्याला विकतो, आणि ते नियमात बसतं. करार कुणी वाचत नाही हे मला मान्य आहे. पण 'मुदत संपल्यावर' असा शब्दप्रयोग जिथे येतो तेवढा परिच्छेद तरी वाचा. मुदतीनंतर किती दिवस जुन्याच दराने भाडं घेतात, सोडवणुकीचा दर काय, लिलाव कितव्या दिवशी, हे तीन आकडे जो रजिस्ट्रार उघड सांगतो तो बरा.

आकड्यांवरून आठवलं, दराचंही एक गणित आहे. सप्टेंबर २०२४पासून व्हेरिसाइन प्रत्येक डॉट कॉममागे रजिस्ट्रारकडून वर्षाला १०.२६ डॉलर घेते. आयकॅनचे सुमारे २० सेंट वर. म्हणजे रुपयांत नऊशेच्या आसपास रजिस्ट्रारचा नुसता खर्च आहे. मग पहिल्या वर्षी ९९ रुपयांत डॉट कॉम देणारा तोटा का सोसतो? दुसऱ्या वर्षी तो भरून काढणार असतो म्हणून. पहिल्या वर्षाचा दर ही जाहिरात आहे, खरा दर दुसऱ्या वर्षाचा. तो पानावर सहज सापडत नसेल तर तेवढ्यावरून दुकानाची नियत कळते. नेटवर्क सोल्युशन्सने २००८मध्ये केलेला प्रकार याहून वरचा होता. त्यांच्या साइटवर एखादं नाव शिल्लक आहे का, असं कुणी नुसतं शोधलं, की ते नाव कंपनी स्वतःच चार दिवस अडवून ठेवायची. घ्यायचं तर आमच्याकडूनच घ्या. कंपनीचं म्हणणं, आम्ही गिऱ्हाइकाचंच रक्षण करतो आहोत. आरडाओरडा झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि हा प्रकार बंद पडला.

आता चोरी. पॅनिक्स ही न्यूयॉर्कची फार जुनी इंटरनेट सेवा. जानेवारी २००५मध्ये, शनिवार-रविवार साधून, तिचं पॅनिक्स डॉट कॉम हे नाव कुणीतरी तिच्या नकळत दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवलं. तो रजिस्ट्रार होता मेलबर्न आयटी. हजारो लोकांचं टपाल अडकलं, आणि ऑस्ट्रेलियातली कचेरी सोमवारी उघडेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये हात चोळत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. नाव हलवण्याआधी मालकाची परवानगी तपासण्यात चूक झाली, हे मेलबर्न आयटीने नंतर कबूल केलं. म्हणून रजिस्ट्रारला पैसे देण्याआधी मी सुचवेन ती कसोटी अशी: रविवारी रात्री त्यांना फोन किंवा चॅट करून बघा. उत्तर माणूस देतो की यंत्र, ते पाहा.

आठ वर्षांनी तीच कंपनी पुन्हा बातम्यांत आली. तोवर मेलबर्न आयटी ही मोठमोठ्या गिऱ्हाइकांची कंपनी झाली होती. न्यूयॉर्क टाइम्स तिचं गिऱ्हाईक, ट्विटरही. ऑगस्ट २०१३मध्ये स्वतःला सीरियन इलेक्ट्रॉनिक आर्मी म्हणवणाऱ्या टोळीने तिच्या एका उपविक्रेत्याचा पासवर्ड मिळवला आणि त्या एका किल्लीने आत शिरून न्यूयॉर्क टाइम्सची ओळ बदलली. वर्तमानपत्राची साइट कित्येकांना दिसेना. ट्विटरवरही त्याच टोळीने हात टाकला. पण ट्विटरचं मुख्य नाव हललं नाही, कारण त्यावर रजिस्ट्रीच्या पातळीवर कुलूप होतं. असं कुलूप असलं की रजिस्ट्रारने सांगूनही व्हेरिसाइन ओळ बदलत नाही. आधी ठरलेल्या माणसांकडून खातरजमा करून घेते. कंपनी तीच, उपविक्रेता तोच, हल्लाही तोच. फरक पडला तो एका कुलपाने.

रजिस्ट्रीचं कुलूप महाग असतं, ते बँकांना, वर्तमानपत्रांना परवडतं. पण रजिस्ट्रारच्या पातळीवरचं साधं कुलूप बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. ते लावलेलं असलं तर नाव दुसरीकडे हलत नाही. शिवाय खात्यात शिरताना पासवर्डबरोबर फोनवरच्या ॲपचा दुसरा कोड मागण्याची सोय हवी. आजच्या काळातही जो रजिस्ट्रार ही सोय देत नाही, त्याच्या दरपत्रकाकडे बघण्यातही अर्थ नाही.

तिसरा दिवस, निघून जाण्याचा. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचं तर एक गुप्त कोड लागतो. तो मागितल्यापासून पाच दिवसांत देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. नाव नुकतंच घेतलं किंवा हलवलं असेल तर ६० दिवस ते अडकून राहतं, हाही नियमच आहे आणि तो चोरांना रोखण्यासाठी आहे. मात्र कोडसाठी तिकीट काढा, मग पत्र पाठवा, मग अमुक अर्ज भरा असं जिथे सुरू होतं, तिथे समजा, गिऱ्हाइकाला धरून ठेवणं हाच त्यांचा धंदा. चांगल्या ठिकाणी कोड खात्यात शिरून दोन क्लिकमध्ये मिळतो. पैसे भरण्याआधी त्यांच्या मदतपानावर 'ट्रान्सफर' शोधा. आत येण्याचं वर्णन चार पानं आणि बाहेर जाण्याचं चार ओळी असेल, तर पुढे जा.

भरवसा मोठ्या नावावर ठेवायचा नाही, हे गूगलने दोनदा शिकवलं. सप्टेंबर २०१५मध्ये, मूळ कच्छमधल्या मांडवीच्या एका तरुणाला, जो कधी काळी गूगलमध्येच नोकरीला होता, गूगलच्याच नावविक्रीच्या पानावर गूगल डॉट कॉम विक्रीला दिसलं. १२ डॉलर. त्याने भरले. सुमारे मिनिटभर ते नाव त्याच्या खात्यात होतं, मग व्यवहार रद्द झाला. गूगलने त्याला ६,००६.१३ डॉलर बक्षीस दिलं. आकडे जरा तिरपे वाचले तर त्यात गूगल दिसतं. त्याने ते दान करायचं ठरवल्यावर गूगलने रक्कम दुप्पट केली. मौज अशी की, नावं विकायचं दुकान थाटणाऱ्या गूगलने स्वतःचं नाव त्या दुकानात ठेवलेलंच नव्हतं. ते मार्कमॉनिटर या मोठ्या ब्रँडांची नावं सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे होतं. आणि २०२३मध्ये गूगलने ते दुकानच स्क्वेअरस्पेसला विकून टाकलं. गूगल म्हणून विश्वासाने आलेल्या लाखो लोकांना एके दिवशी कळलं की आपण आता दुसऱ्याच कुणाचे गिऱ्हाईक आहोत.

आपल्याकडे या धंद्याचं एक मोठं ठाणं मुंबईत आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८मध्ये सुरू केलेली डिरेक्टी अंधेरीतून वाढली. जगभरातल्या लाखो नावांच्या नोंदीत रजिस्ट्रार म्हणून 'पीडीआर' दिसतं, ते त्यांच्याच पब्लिक डोमेन रजिस्ट्रीचं लघुरूप. २०१४मध्ये नावनोंदणीचा हा व्यवसाय अमेरिकेच्या एंड्युरन्स कंपनीने घेतला. पीडीआरचा भर उपविक्रेत्यांवर होता: तुमच्या गावातला वेबसाइट बनवून देणारा तिच्याकडून घाऊक नावं घेतो आणि तुम्हाला किरकोळीत देतो. सांगली-जळगावच्या पतसंस्थेची, शाळेची, नाट्यसंस्थेची नावं बहुधा अशीच घेतली जातात. रजिस्ट्रार चोख असतो, पण तुमचा त्याच्याशी संबंधच नसतो.

आपल्या भागातला सगळ्यात मोठा धोका मला इथेच दिसतो. साइट करून देणारा मुलगा भला असतो, घाईत असतो. नाव नोंदवताना तो स्वतःचा ईमेल, स्वतःचा फोन टाकतो आणि कधी कधी मालकाच्या रकान्यात स्वतःचंच नाव. चार वर्षांनी तो दुबईला जातो किंवा पैशांवरून बिनसतं. नोंद हीच जमीन असेल, तर कागदोपत्री ती जमीन त्याची. नवं डॉट कॉम घेतल्यावर १५ दिवसांत ईमेल खरा आहे का याची खातरजमा करावी लागते, नाहीतर नाव बंद पडतं. तो खातरजमेचा ईमेलही त्यालाच गेलेला असतो.

डॉट इनचे नियम वेगळे. ते आयकॅनच्या कराराखाली येत नाही. १९८९मध्ये भारताला मिळालेलं हे नाव बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने सांभाळलं, तेव्हा ते सहजासहजी कुणाला मिळत नसे. २००५पासून निक्सी ही संस्था ते पाहते आणि रजिस्ट्रारना परवानेही तीच देते. तेव्हा डॉट इन घ्यायचं तर रजिस्ट्रार निक्सीच्या यादीत आहे का, हे बघायचं. २७ ऑगस्ट २०१४ला डॉट भारत आलं. त्यात मराठी आणि कोकणीतही नाव घेता येतं. आतल्या यंत्रांना मात्र देवनागरी कळत नाही. 'भारत' त्यांच्यासाठी एक्सएन, मग दोन आडव्या रेघा, मग एच२बीआरजे९सी असा असतो, आणि तरीही आपण भारत लिहिलं की पान उघडतं. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं. मराठी नाव घ्यायचं असेल तर त्या रजिस्ट्रारला डॉट भारत हाताळायची सवय आहे का ते आधी विचारा. बऱ्याच दुकानांत ते ठेवतच नाहीत.

रिझर्व्ह बँकेने तर भरवशाचा प्रश्न दुसऱ्याच टोकाने सोडवला. नकली बँकांच्या साइटांना आळा घालायला तिने सगळ्या बँकांना बँक डॉट इन या शेपटीखाली यायला सांगितलं, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. आणि ही नावं देणारा रजिस्ट्रार एकच, हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेनेच उभारलेली संस्था. दोन हजार दुकानांतून चांगलं दुकान शोधण्याऐवजी तिने दुकानच एक ठेवलं. बँकांना ते शोभतं. तुम्हाआम्हाला बाजारातच निवड करावी लागणार.

त्याआधी हातातलं एक काम मात्र आजच करा. आयकॅनच्या लुकअप पानावर आपलं, आपल्या शाळेचं किंवा मंडळाचं नाव टाका. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, हे तिथे फुकट दिसतं. मालकाचं नाव हल्ली खाजगीपणामुळे बहुधा झाकलेलं असतं, तेव्हा साइट करून देणाऱ्याला थेट विचारा: खातं कोणाच्या नावावर आहे, ईमेल कोणाचा आहे? खातं त्याचं निघालं तर संबंध गोड आहेत तोवर ते आपल्या नावावर करून घ्या, आणि ईमेल असा द्या की जो त्या डोमेनवर चालत नाही. डोमेन बंद पडलं तर त्याच डोमेनवरच्या पत्त्यावर सूचना यायची नाही.